शेतीविषयक धोरणाचें शिक्षण आणि विद्यापीठांचा एकमेळ

गेल्या ज्येष्ठांत आमच्या कामथडी गांवीं दोन सख्ख्या भावांत वांटणीवरून बोलाचाली झाली. वडिलार्जित जमीन बत्तीस गुंठे, सर्व जिराईत. धाकट्याचें म्हणणें, सोळा-सोळा गुंठे करून सात-बारा वेगळा करावा. तुकडेबंदीचा कायदा आतां उठला आहे असें त्यानें हमरस्त्यावरील चहाच्या दुकानांत ऐकलें होतें. थोरल्याचें म्हणणें, कायदा उठलेला नाहीं व अशी वांटणी दप्तरीं टिकावयाची नाहीं. तिसऱ्या एका शहाण्यानें पांचशेंच्या मुद्रांकावर लिहून घेण्याचा तोडगा सुचविला. अखेर तिघेहि माझ्याकडे आले, कारण महसूल खात्यांत कारकुनी करून मी निवृत्त झालों आहें व अर्ज लिहिण्यापुरता तरी गांवास उपयोगी पडतों. थोरला म्हणाला, "भाऊसाहेब, भाताचें बीं कोणतें घ्यावें हें आम्हांला विद्यापीठाच्या पुस्तकांत सांपडतें. मग ही जमीन वांटतां येते कीं नाहीं, हें कोणत्या पुस्तकांत पाहावें?"

मजजवळ त्याला देण्यासारखें पुस्तक नव्हतें. उत्तर मीं तोंडीं दिलें, पण प्रश्न मनांतून गेला नाहीं. आणि त्याच प्रश्नाचा विचार वाचक बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे. माझें शिक्षण मराठी शाळेंत झालेलें, बेताचें. विद्यापीठांनीं काय करावें हें सांगण्याचा अधिकार त्यानें येत नाहीं. परंतु ज्याच्या दारांत पाणी सांचतें त्यानें मोरी कोठें तुंबली आहे एवढें दाखवावयास हरकत नसावी.

प्रथम बियाण्याची गोष्ट घेऊं. आपल्या राज्यांत शेतीचीं चार विद्यापीठें आहेत. राहुरीचें १९६८ सालीं, अकोल्याचें १९६९ सालीं, आणि परभणी व दापोली येथील १९७२ सालीं स्थापन झालीं. चारांचे मुलूख निराळे, हवापाणी निराळें. प्रत्येकानें आपापल्या परीनें शिफारशी काढल्या असत्या तर शेजारच्या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्यांस दोन तऱ्हेचे सल्ले मिळाले असते. तसें होऊं नये म्हणून १९८३ च्या कृषि विद्यापीठ कायद्यान्वयें महाराष्ट्र कृषि शिक्षण व संशोधन परिषद पुण्यांत निर्माण झाली. दरवर्षीं चारहि विद्यापीठांतील शास्त्रज्ञांची संयुक्त बैठक भरते. यजमानपण आळीपाळीनें प्रत्येकाकडे जातें. नवें वाण, नवें अवजार, खताची नवी मात्रा, सर्व तेथें मांडावें लागतें. तेथें एकमेकांचे दोष काढले जातात, आणि जें त्या चाळणींतून उतरतें तेंच शेतकऱ्याच्या हातीं जातें.

ह्या एकमेळाचा लाभ आमच्या भोर-वेल्ह्याच्या भागास विशेष आहे. आमचा पश्चिमेकडील मावळपट्टा पावसानें कोंकणासारखा, तर हमरस्त्याच्या पूर्वेकडील जमीन देशावरच्यासारखी. वडगांव मावळच्या केंद्रांतून १९८७ सालीं बाहेर पडलेलें इंद्रायणी भात घरोघर आहे. आणि कोणी दापोली विद्यापीठाच्या कर्जत केंद्राचें बीं आणून लावलें तरी त्याला परकें कोणी म्हणत नाहीं. जिल्हा राहुरीच्या हद्दींत आहे म्हणून दापोलीचें ज्ञान घाटमाथ्यावर अडलें नाहीं.

आतां कायद्याची गोष्ट. येथें ज्ञान नव्हतें असें मुळींच नाहीं. तें होतें, पुण्यांतच होतें, आणि शंभर वर्षांपूर्वींच होतें. पुण्याच्या कृषि महाविद्यालयाचे प्राचार्य डॉक्टर हॅरॉल्ड मॅन यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर ह्या गांवाची घर न् घर, शेत न् शेत अशी पाहणी केली, व ती १९१७ सालीं मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेंतील पहिलें पुस्तक म्हणून प्रसिद्ध झाली. त्यांत असें दिसून आलें कीं, १७७१ सालीं त्या गांवीं एका खातेदाराकडे सरासरीनें ४० एकर जमीन होती, १८१८ सालीं ती साडेसतरा एकरांवर आली, आणि १९१५ च्या सुमारास अवघी ७ एकर उरली. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे. त्यांपैकीं ४६३ तुकडे एक एकराच्या आंतले, आणि ११२ तर पाव एकराहूनहि लहान. आज त्याच पिंपळे सौदागरांत उंच इमारती उभ्या आहेत व नांगर पाहावयास मिळत नाहीं, ही गोष्ट निराळी.

येथें एक मुद्दा ध्यानीं घ्यावा. पाहणी केली शेतकीच्या महाविद्यालयानें, ती निघाली विद्यापीठाच्या अर्थशास्त्रविषयक मालेंत. म्हणजे दोन विद्याशाखांचा मेळ त्या काळीं बसला होता. परंतु तें पुस्तक इंग्रजी. ज्या गांवाचें त्यांत वर्णन, त्या गांवच्या पाटलाला तरी त्यांतील एक पान वाचतां आलें असेल काय?

शिवाय विद्वानांचें मत एकच होतें असेंहि नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९१८ सालीं, डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं हिंदुस्थानांतील लहान जमिनींवर एक निबंध लिहिला. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें : जमीन लहान कीं मोठी हें नुसत्या एकरांवरून ठरत नाहीं; तिच्यावर खर्च करावयास भांडवल किती, बैल-अवजारें किती, राबणारे हात किती, यांवरून तें ठरतें. आपल्याकडे जमिनीवर माणसांचा भार फार आणि भांडवल थोडें. तेव्हां तुकडे जोडले तरी दारिद्र्य तेंच राहील. उद्योगधंदे वाढवून शेतीवरचा भार कमी करणें हाच खरा उपाय. मॅनसाहेबांची पाहणी आणि हा निबंध शेजारीं शेजारीं ठेवून कोणी मराठींत गांवोगांव समजावून दिलीं असतीं, तर आमच्या आज्या-पणज्यांस त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू कळल्या असत्या.

तें झालें नाहीं, आणि १९२७ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत लहान जमिनींचें बिल आलें. ठराविक क्षेत्राखालीं जमिनीची वांटणी वा विक्री होऊं नये व विखुरलेले तुकडे एकत्र करावेत, असा त्याचा आशय. बाबासाहेबांनीं त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मंडळांत त्याला विरोध केला; ह्यानें भूमिहीनांचा वर्ग वाढेल, त्यापेक्षां सहकारानें एकत्र शेती करण्याची वाट धरावी, असें त्यांचें प्रतिपादन होतें. बाहेर शेतकऱ्यांतहि खळबळ उडाली. १९२८ च्या जुलैंत महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं पुण्यांत शेतकरी परिषद भरली व तिनें बिलाचा निषेध केला. सरकारनें बिल सोडून दिलें.

त्या विरोधांत तथ्य नव्हतें असें मी म्हणत नाहीं; बरेंच होतें. परंतु बिलाचा कोणता भाग घातक व कोणता उपकारक, हें निवडून पाहण्याची संधि सामान्य शेतकऱ्यास मिळाली नाहीं. त्याच्यापुढें दोनच गोष्टी होत्या : सरकार म्हणतें तें, किंवा सभेंत ऐकलें तें.

पुढें वीस वर्षांनीं, १९४७ सालीं, तोच विषय मुंबईच्या धारण जमिनींचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध व एकत्रीकरण करण्याच्या कायद्याच्या रूपानें आला आणि राहिला. प्रमाणभूत क्षेत्रापेक्षां लहान असा नवा तुकडा पाडूं नये. पूर्वींचा तुकडा विकावयाचा तर लगतच्या खातेदारास विकावा. वांटणींत एखाद्याचा हिस्सा तुकडा होत असेल तर त्याला जमिनीऐवजीं रोख भरपाई द्यावी. हे त्याचे ठळक नियम. एकत्रीकरणाच्या योजनेंतून आजचे गट नंबर झाले. हेतु चांगला होता. पण गट पाडतांना कैक ठिकाणीं कागदावर एकाची जमीन आणि वहिवाट दुसऱ्याची, असें होऊन बसलें. आणि पिढ्यान् पिढ्या भांडणें लागलीं. माझ्या नोकरीच्या काळांत टेबलावर आलेल्या अर्जांपैकीं बरेचसे ह्याच एका दुखण्याचे होते.

बरें, कायदा एकदां समजून घेतला म्हणजे झालें, असेंहि नाहीं. गेल्या कांहीं वर्षांतील त्याचीं रूपें पाहा. २०१७ सालीं दुरुस्ती होऊन पूर्वींचे नियमबाह्य व्यवहार बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करण्याची वाट निघाली; २०२४ सालीं ती रक्कम ५ टक्क्यांवर आणली. मध्यंतरीं २०२१ च्या जुलैंत नोंदणी खात्यानें परिपत्रक काढून गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या दस्तांची नोंदणी थांबविली. २०२२ च्या मे महिन्यांत उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें तें परिपत्रक रद्द केलें. २०२३ च्या ऑगस्टांत प्रमाणभूत क्षेत्र जिराइतास २० गुंठे व बागाइतास १० गुंठे असें ठरलें. आणि २०२५ सालीं शहरी हद्दींतील व आराखड्यांत बिगरशेती वापरासाठीं दाखविलेल्या जमिनींपुरती ह्या कायद्यांत सूट देण्याचें ठरलें. "कायदा उठला" ही चहाच्या दुकानांतील बातमी ह्या शेवटच्या फेऱ्यांतून जन्मली. शेतीच्या पट्ट्यांतील जिराइतास तो उठलेला नाहीं. बत्तीस गुंठ्यांचे दोन समान भाग केले तर दोन्ही विसांहून लहान. सबब दोन्ही तुकडेच. थोरला भाऊ बरोबर होता.

पांचशेंच्या मुद्रांकाविषयीं एक शब्द लिहितों, कारण हमरस्त्यालगतच्या आमच्या गांवांतून हें पीक फार माजलें आहे. नोंदणी न केलेल्या साध्या कागदानें जमिनीची मालकी बदलत नाहीं. विकणाऱ्याच्या हातीं पैसे येतात व घेणाऱ्याच्या हातीं कागद राहतो, एवढेंच. एका बाईनें धुण्याभांड्यांचीं कामें करून जमविलेल्या पैशांत दोन गुंठे असे घेतले होते. सात-बाऱ्यावर नांव लावून द्या म्हणून ती आमच्या कचेरीच्या पायऱ्या एक वर्षभर चढत होती. नांव लागणार नाहीं हें मी तिला पहिल्याच दिवशीं सांगूं शकलों असतों. मीं सांगितलें नाहीं. साहेबांकडे चौकशी करा असें म्हणून पुढें ढकललें. कारकुनाचा तो स्वभावच बनतो, आणि मला आज त्याची लाज वाटते.

एकदां एका संस्थेनें भरविलेल्या शेतकी शिबिरांत मी श्रोता म्हणून बसलों होतों. संस्थेचें नांव घेत नाहीं. मातीपरीक्षणावरचें व्याख्यान उत्तम झालें. नंतर एका म्हाताऱ्यानें विचारलें, "ह्या मातींत माझा हिस्सा किती, हें कोण तपासून देईल?" लोक हंसले. व्याख्याते म्हणाले, हा विषय आमचा नव्हे, तलाठ्यास विचारा. त्यांचेंहि चूक नव्हतें. माती त्यांची, मालकी तलाठ्याची, पतपुरवठा सोसायटीचा, आणि कायदा वकिलाचा. शेतकरी मात्र सर्वांचा एकच.

कुळकायद्याचीहि कथा ह्याच वळणाची आहे. भोर संस्थान १९४८ च्या मार्चांत मुंबई राज्यांत विलीन झालें, आणि मुंबईचा कुळकायदा आमच्या डोंगरांत आला. तो कायदा अमलांत कसा आला याचा शोध पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील प्राध्यापक वि. म. दांडेकर व खुदानपूर यांनीं घेतला व १९५७ सालीं अहवाल प्रसिद्ध केला. कुळांनीं दिलेल्या खुशीच्या राजीनाम्यांत खुशी किती होती याविषयीं त्या पाहणीनें मोठी शंका उत्पन्न केली. १ एप्रिल १९५७ ह्या कृषक दिनापासून कूळ हेंच मालक मानावयाचें, असा कायद्याचा पुढचा टप्पा. पण ज्यानें आधींच आंगठा उठविला होता त्याला त्या दिवसाचा काय उपयोग? अहवाल अत्यंत मोलाचा. तोहि इंग्रजींत.

हीच गोखले संस्था. तिची स्थापना १९३० ची, आणि मांढरदेवच्या डोंगरापलीकडील वाई तालुक्यांतल्या शेतीची तिनें केलेली पाहणी १९४० सालची. शेतकीचें महाविद्यालय शिवाजीनगरास, कृषि परिषद त्याच्याच शेजारीं, पुणें विद्यापीठ गणेशखिंडीस, सहकाराचें शिक्षण देणारी वैकुंठ मेहता संस्था आणि सरकारी अधिकाऱ्यांना शिकविणारी यशदाहि त्याच बाजूस. एका माणसानें सकाळीं चालावयास आरंभ केला तर दुपारपर्यंत ह्या सर्वांच्या दारांवरून तो जाऊन येईल. पण ह्या सर्वांनीं मिळून शेतकऱ्यासाठीं काढलेलें, चालू कायदा सांगणारें चार पानांचें पत्रक मला माझ्या सर्व नोकरींत पाहावयास मिळालें नाहीं. कृषि विद्यापीठांच्या संयुक्त बैठकींत अर्थशास्त्र व विस्तारशिक्षणाच्या शिफारशीहि होतात, हें मी जाणतों. त्यांचा झरा बांधापर्यंत पोंचत नाहीं, एवढीच तक्रार.

ह्या बाबतींत अमेरिकेचें उदाहरण पाहण्याजोगें आहे. तेथें १८६२ च्या कायद्यानें प्रांतोप्रांतीं शेतकी महाविद्यालयें निघालीं, आणि १९१४ च्या कायद्यानें त्या महाविद्यालयांचें ज्ञान गांवोगांव पोंचविण्यासाठीं विस्तारसेवा सुरू झाली. आरंभीं तीहि बीं आणि खत यांपुरतीच होती. पुढें मंदी आली, युद्धें आलीं, भावाचे व कर्जाचे प्रश्न आले. तेव्हां धोरणावर बोलावें कीं नाहीं हा पेंच पडला. बोलावें तर राजकारणाचा ठपका, न बोलावें तर शेतकरी अंधारांत. गेल्या शतकाच्या मध्यापासून निरनिराळ्या प्रांतांतील विस्तारशिक्षक एकत्र जमून ह्यावर विचार करूं लागले व त्यांनीं एक रीत बसविली. शिकविणाऱ्यानें अमुक धोरण चांगलें असें म्हणावयाचें नाहीं. ह्या प्रश्नावर करतां येण्यासारख्या वाटा किती, आणि प्रत्येक वाटेनें गेल्यास कोणाचा लाभ व कोणाची हानि, एवढें मांडून द्यावयाचें. निवड शेतकऱ्यानें करावयाची.

ही रीत मला फार पसंत पडली, आणि ती आपल्याकडे परकी वाटण्याचेंहि कारण नाहीं. मॅनसाहेबांचे आंकडे एका बाजूस, बाबासाहेबांचा निबंध दुसऱ्या बाजूस, १९२८ च्या परिषदेचें म्हणणें तिसरीकडे. ह्याहून चांगला धडा कोणता हवा?

आतां हें कोणीं करावें? माझ्या मतें पुढाकार पुण्याच्या कृषि परिषदेनेंच घ्यावा, कारण चार विद्यापीठांस एका फडावर आणण्याची वहिवाट तिला आहे. एक-एक संस्था आपल्या घरचें आणील. अर्थशास्त्राची पाहणी गोखले संस्थेची, कायद्याचा अर्थ पुणें विद्यापीठाच्या कायद्याच्या विभागाचा, सहकाराचा भाग वैकुंठ मेहता संस्थेचा, आणि कचेरींतील प्रत्यक्ष रीत यशदाची. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक समजूं नये; कायदा माहीत असून अर्ज कोणाच्या नांवानें करावा हें न कळल्यामुळें बुडालेलीं प्रकरणें मीं पाहिलीं आहेत. मजकूर एकदां संयुक्त बैठकीच्या चाळणींतून काढावा आणि त्यावर तारीख घालावी. कायदा बदलला कीं जुनें पत्रक रद्द करून नवें काढावें. बियाण्याचें वाण जुनें झालें तर शिफारशींतून काढतात. जुना कायदा मात्र लोकांच्या तोंडीं वर्षानुवर्षें तसाच राहतो.

कोणी म्हणतील कीं, हीं विद्यापीठें सरकारच्या पैशानें चालतात. सरकारच्या धोरणाचे तोटे तीं कशीं सांगणार? आक्षेप वजनदार आहे, व मजजवळ त्याला पुरतें उत्तर नाहीं. एवढेंच दिसतें कीं, एकट्या प्राध्यापकानें लिहिलें तर त्याची बदली होऊं शकेल. पांच-सहा संस्थांनीं मिळून सही केली तर सगळ्यांची होणें कठीण. एकमेळाचा हाहि एक उपयोग आहे.

नमुना म्हणून सलोखा योजनेचें पत्रक प्रथम काढावें. दोघां शेतकऱ्यांची जमीन एकमेकांच्या वहिवाटींत निदान बारा वर्षें असेल, तर परस्परसंमतीनें अदलाबदलीचा दस्त करण्यास नाममात्र म्हणजे १००० रुपये मुद्रांक व १००० रुपये नोंदणी फी अशी सवलत सरकारनें २०२३ च्या जानेवारींत दिली. मूळ मुदत दोन वर्षांची होती. ती पुढें वाढविली. एकत्रीकरणानें ज्यांच्या जमिनी कागदावर उलटसुलट झाल्या, त्यांच्यासाठीं हें वरदानच. पण भोर तालुक्यांतील किती जणांस हें माहीत आहे, तें आपापल्या गांवीं विचारून पाहावें. आणि विचारणा केल्यावर मुदत चालू आहे कीं नाहीं याची खात्री तहसील कचेरींत करून मगच पुढें जावें.

पाण्याचा विषय येथें घेत नाहीं, कारण तो मोठा आहे. भाटघरचें धरण आमच्या तालुक्यांत, नीरा देवघरचेंहि आमच्याच तालुक्यांत, आणि त्यांचे कालवे वाहतात खालच्या मुलुखांत. त्या पाण्यावर वरच्यांचा हक्क कोणता व खालच्यांचा कोणता, हें दोन्हीकडच्यांस एकाच कागदावर वाचावयास मिळालें तर बरें होईल. त्यावर पुन्हां केव्हां तरी.

त्या दोघां भावांचें काय झालें, असें वाचक विचारतील. धाकट्यास पुण्यास नोकरी आहे. त्यानें आपल्या हिश्शाची रोख भरपाई घेऊन जमीन थोरल्याकडे ठेवावी, अशी वाट कायद्यांत आहे हें मीं दोघांस सांगितलें. धाकट्यास तें अजून पटलेलें नाहीं; जमिनींत आपलें नांव राहावें असें त्याला वाटतें, आणि त्यांत त्याची चूक काय? भाताची लावणी त्यांनीं ह्या वर्षीं समाईकांतच केली आहे. दिवाळीला पुन्हां बसावयाचें ठरलें आहे. तत्पूर्वीं सभासदांपैकीं कोणाकडे वांटणी, वहिवाट किंवा कुळाच्या जमिनीसंबंधीं असे अडलेले प्रश्न असतील, तर त्यांनीं ते गट नंबर व क्षेत्र यांसह, नांवें वगळून, आपल्या संघाच्या चिटणिसांकडे लिहून पाठवावेत. पंचवीस-तीस प्रश्न जमले म्हणजे ते एकत्र बांधून पुण्यास परिषदेच्या कचेरींत मी स्वतः नेऊन देईन, आणि पोंच घेतल्याशिवाय परत येणार नाहीं.